लंडनमध्ये एकट्या राहिलेल्या मुलास

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाई साताऱ्यास माहेरी सुखरूप आहे. मी परवाच विहीणबाईंकडे जाऊन आले. डॉक्टरांच्या तपासणीत सर्व व्यवस्थित निघाले. पायांवर थोडी सूज येते, पण विश्रांतीने ती उतरते. डोहाळेजेवण या महिन्याच्या अखेरीस करायचे ठरले आहे. ही खुशाली तुला फोनवर कळलेलीच असेल, म्हणून तिच्यासाठी पत्र लिहिण्याची गरज नव्हती. लिहिण्यास कारण वेगळे आहे. तू तिला रोज फोन करतोस, तिचे खाणेपिणे आणि औषधे विचारतोस, पण तिने घराचे काही विचारले की ‘घर ठीक आहे’ एवढ्यावर बोलणे संपते, असे ती म्हणाली. तिने तक्रार केली नाही. मात्र ज्या घरात ती बाळाला घेऊन परत येणार आहे, त्या घरात सध्या काय चालले आहे, तू स्वयंपाक करतोस की बाहेरून मागवतोस, रात्री किती वाजता दिवा मालवतोस, हे तिला हवे आहे, आणि ते तिला तुझ्याखेरीज कोणी सांगू शकत नाही.

हे ऐकल्यापासून माझ्या मनात चेल्सीमधले एक घर घोळत आहे. थेम्सच्या काठाजवळ चेनी रो नावाची जुनी गल्ली आहे. तिथे इतिहासकार आणि निबंधकार थॉमस कार्लाईल आणि त्याची पत्नी जेन १८३४ साली राहायला आले आणि दोघांनीही आपले उरलेले आयुष्य त्याच घरात काढले. त्यांच्या वेळी घराचा क्रमांक पाच होता, आता तो चोवीस आहे. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असताना कार्लाईलचे निबंध अभ्यासक्रमात असत, आणि त्या निमित्ताने मी या पतिपत्नींच्या पत्रव्यवहाराकडे वळले. निबंध पुढे मागे पडले, पण पत्रे मी आजही काढून वाचते. जेन जवळजवळ दर उन्हाळ्यात काही आठवडे बाहेरगावी जाई. कधी लिव्हरपूलला मामांकडे, कधी मैत्रिणींकडे, कधी स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या माहेरगावी, हॅडिंग्टनला. ती गेली की दोघे एकमेकांना जवळजवळ रोज पत्र लिहीत. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळात बायको गावाला गेल्यावर एक नवरा घरात कसा राहत होता, हे या एका घराविषयी जितके तपशिलाने कळते तितके क्वचितच दुसऱ्या कुणाविषयी कळेल.

आधी घराची रचना सांगते, म्हणजे पुढचे समजेल. घर अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे, अरुंद आणि उंच, वर्षाचे भाडे ३५ पौंड. स्वयंपाकघर तळघरात. पाणी तिथल्या हातपंपाने काढायचे, कोळसा तिथूनच वरच्या मजल्यांवर वाहायचा, आणि वरची राख पुन्हा खाली आणायची. मोलकरीण एकच असे, पुढे उतारवयात दोन झाल्या. ती स्वयंपाकघरातच झोपे. कार्लाईलला रात्री उशिरा चुलीपाशी बसून पाईप ओढण्याची सवय होती, कारण तिथे धूर धुराड्यातून निघून जाई. त्याचे ओढून होईपर्यंत त्या दिवसभर राबलेल्या मुलीला आपल्या अंथरुणावर पाठ टेकता येत नसे, ती मागच्या अंधाऱ्या खोलीत थांबे. बत्तीस वर्षांत या घरात तीसहून अधिक मोलकरणी आल्या आणि गेल्या. प्रत्येकीला शोधणे, पारखणे, शिकवणे, तिचे दारूचे व्यसन किंवा आजारपण सांभाळणे, आणि शेवटी तिला निरोप देणे हे सगळे जेनने केले.

नवऱ्याच्या कामासाठी शांतता राखणे हे तिचे दुसरे मोठे काम. कार्लाईलला आवाज सहन होत नसे. शेजारच्या अंगणातला कोंबडा आरवला की त्याची झोप मोडे आणि दुसऱ्या दिवसाचे लेखन बिघडे. मग शेजाऱ्यांना भेटून, आर्जव करून, कधी करारमदार करून ते कोंबडे हलवायला लावणे जेनकडे येई. १८५३ साली घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, वरून उजेड येणारी एक खोली मुद्दाम बांधून घेतली, की तिथे बाहेरचा आवाज पोहोचू नये. खोली बांधून झाली, पैसा खर्च झाला, आणि आवाज येतच राहिला. तरी प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे सहा खंडांचे चरित्र त्याने तिथेच बसून लिहिले, आणि ते १८६५ मध्ये पुरे झाले.

आता जेन गावाला गेल्यावर काय होई ते सांगते. पहिली गोष्ट अशी, की त्याचे दिवसाचे वेळापत्रक बदलत नसे. सकाळभर लेखन, दुपारी घोड्यावरून लांबची रपेट, संध्याकाळी चहा, मध्यरात्रीपर्यंत वाचन, आणि झोपण्यापूर्वी नीरो नावाच्या छोट्या पांढऱ्या कुत्र्याला घेऊन अंधारात फेरी. नीरो खरे म्हणजे जेनचा. तो १८४९ च्या अखेरीस घरी आला आणि १८६० च्या फेब्रुवारीत गेला, त्याला मागच्या बागेत पुरले आहे. पण जेन नसली की नीरोची बातमी देणे हा कार्लाईलच्या पत्रांतला हमखास भाग होई. काल रात्री ब्रॉम्प्टनच्या निर्जन वाटांनी तो आपल्याबरोबर आनंदाने धावला, असे तो एका पत्रात कळवतो. बाळ, जगातल्या राजांची आणि क्रांत्यांची चरित्रे लिहिणारा माणूस कुत्रा किती धावला हे बायकोला लिहितो, यात मला त्याचे फार मोठेपण वाटते. कारण ती तिकडे बसून त्याचीच वाट पाहत होती. त्याची पत्रे अशाच गोष्टींनी भरलेली असतात. मोलकरणीने रस्सा कसा केला, लापशी जमली की करपली, रात्री किती झोप झाली, पोट कसे आहे, कोण भेटायला येऊन किती वेळ बसले, बागेत ऊन आहे की नाही. तो पोटाच्या दुखण्याने आयुष्यभर हैराण होता, आणि त्याविषयी कुरकुर त्याने भरपूर केली आहे. पण ती कुरकुरसुद्धा जेनला घराच्या आत घेऊन जाणारी होती. पत्र वाचून झाले की तिला चूल, जिना आणि वरची खोली डोळ्यांपुढे दिसत असणार.

१८५७ च्या उन्हाळ्यातली पत्रे मला विशेष आवडतात. जेन त्या वर्षी जुलैत हॅडिंग्टनला गेली होती आणि पुढे एडिंबरोला आत्यांकडे राहिली. इकडे फ्रेडरिकच्या पहिल्या भागाची मुद्रिते छापखान्यातून येऊ लागली होती. कार्लाईलने ती तिच्याकडे पाठवली. ती वाचून तिने मनापासून लिहिले, की हे तुमच्या सगळ्या पुस्तकांत उत्तम होणार आहे. कित्येक वर्षे त्या पुस्तकाने घरातली सगळी जागा आणि सगळे बोलणे व्यापले होते, आणि ते तिच्या वाट्याला आले होते ते केवळ नवऱ्याच्या चिडचिडीच्या रूपात. दूर गेल्यावर पहिल्यांदा ते तिच्या हातात पाने म्हणून आले. तिची दाद मिळाल्यावर त्याला जो हुरूप आला, तो त्याच्या उत्तरात स्पष्ट दिसतो. एका छताखाली असताना हे का घडले नाही, असा प्रश्न मला ती पत्रे वाचताना दर वेळी पडतो.

जेनच्या वाढदिवसाची गोष्टही तुला सांगितली पाहिजे. तिचा जन्म १४ जुलै १८०१ चा. तिची आई दर वाढदिवसाला काहीतरी भेट पाठवीत असे. १८४२ च्या फेब्रुवारीत आई वारली. त्या वर्षीच्या जुलैत कार्लाईलने तिला एक लहानशी भेट दिली. दुकानात जाऊन वस्तू विकत घेण्याचा त्याला मनस्वी कंटाळा, वाढदिवस वगैरे पाळण्याची त्याला सवय नाही, आणि तरी आईची जागा यंदा रिकामी राहू नये म्हणून हे केले, हे जेनने ओळखले आणि एका मैत्रिणीला भरल्या अंतःकरणाने कळवले. पुढे दर वर्षी त्याने हा नेम पाळला. १८४६ साली मात्र ती लिव्हरपूलजवळ सीफोर्थला गेली होती, आणि जाण्यापूर्वी दोघांत मोठे बिनसले होते. लेडी हॅरिएट बेअरिंग या बाईंच्या सहवासात कार्लाईल फार रमे आणि जेनला ते सहन होत नसे. वाढदिवसाच्या दिवशी ती टपालकचेरीत गेली. पत्र नाही, असे तिथल्या बाईने सांगितले. ती रिकाम्या हाताने परतली, खोलीचे दार लावून रडत बसली, नवरा रागावला की काय, आजारी पडला की काय, अशा शंकाकुशंका काढत राहिली. काही तासांनी कळले, की पत्र सकाळीच आले होते आणि टपालकचेरीतल्या बाईच्या नजरेतून सुटले होते. त्यात भेट म्हणून कार्ड ठेवण्याची छोटी डबी होती. त्याच दिवशी तिने नवऱ्याला जे उत्तर लिहिले, त्यात आनंद आहे आणि त्या मधल्या तासांतली भीतीही आहे. दूर असलेल्या माणसाला एका पत्राची किती वाट पाहावी लागते हे मी यापेक्षा चांगले कुठे वाचलेले नाही. तुझ्या पिढीला टपालाची वाट पाहावी लागत नाही, पण नुसती ‘ठीक आहे’ अशी अक्षरे पडद्यावर आली तर तीही रिकाम्या हाताने परतण्यासारखीच आहेत.

इथपर्यंत वाचून तुला कार्लाईल आदर्श नवरा वाटला असेल. तो तसा नव्हता, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण माझे म्हणणे नेमके त्यातच आहे.

जेन घरी नसताना कार्लाईल काय करी ते पाहिलेस. आता कार्लाईल घरी नसताना जेन काय करी तेही पाहा. १८४३ च्या उन्हाळ्यात तो वेल्सला आणि मग स्कॉटलंडला गेला. तो दाराबाहेर पडताच जेनने रंगारी, सुतार आणि भिंतींना कागद लावणारे बोलावले. तो घरी असता तर एक ठोकासुद्धा चालला नसता, म्हणून वर्षावर्षांची साठलेली दुरुस्ती तिने त्याच्या गैरहजेरीत उरकली. रंगाच्या वासाने तिला झोप येत नसे, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि उघड्या खिडक्यांतून चोर येतील या भीतीने पुन्हा जागायचे, असे तिचे दिवस गेले. शेवटी तिने मागच्या बागेत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि काठ्या वापरून, वर जुने जाजम टाकून, एक तंबू उभारला आणि त्यात बसून शिवणटिपण व पत्रलेखन केले. १८५२ साली पुन्हा तसेच. घरात मोठी डागडुजी काढली, कार्लाईल फ्रेडरिकच्या रणभूमी पाहण्यासाठी जर्मनीला गेला, आणि विटा, चुना व गवंडी यांच्यात जेन राहिली. म्हणजे बायको नसताना नवऱ्याने पुस्तक लिहिले, आणि नवरा नसताना बायकोने घर उभे केले. तो परतला की त्याला स्वच्छ, रंगवलेले, शांत घर मिळे. ते कसे झाले हे त्याला पत्रांतून ठाऊक होते, पण त्या धुळीत तो कधी उभा राहिला नाही.

घरखर्चाचेही तसेच. १८५५ च्या फेब्रुवारीत जेनला घरखर्चाच्या ठरलेल्या पैशांत भागेना. तोंडाने सांगितले तर नवरा वैतागतो, म्हणून तिने संसदेत अर्थमंत्री मांडतात तशा थाटाचे एक सविस्तर अंदाजपत्रक लिहिले आणि त्याच्यापुढे ठेवले. मेणबत्त्या महागल्या, पाव आणि मांस महागले, गॅसचे दिवे आले, पाण्याचा कर वाढला, मोलकरणीचा पगार वाढला, असे एकेक कलम तिने हिशेबासकट मांडले आणि वर्षाला सुमारे तीस पौंड अधिक मागितले. कार्लाईलने ते वाचले, तिचे तोंडभरून कौतुक केले आणि मागणी मंजूर केली. त्याचे मन उदार होते यात मला शंका नाही. मला टोचते ते हे, की मेणबत्ती कितीला मिळते हे त्याच्या कानी पडायला इतका मोठा खटाटोप लागावा. त्याच वर्षी प्राप्तिकराचा वाद निघाला तेव्हा केन्सिंग्टनला अधिकाऱ्यांपुढे उभी राहून त्याच्या वतीने बोलली ती जेनच.

आता मी तुला १८६४ ची हकिकत सांगते. आपल्या घरी सध्या बाळंतपणाचे दिवस आहेत म्हणून ती लिहावी की न लिहावी असा विचार मी केला. पण तू मोठा आहेस, आणि ही हकिकत वगळली तर या घराविषयी मी तुला काहीच सांगितले नाही असे होईल. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत जेन शहरात रस्त्यावर पडली होती, मांडीचा स्नायू दुखावला होता, आणि त्यानंतर नसांच्या वेदनांनी ती महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली होती. मार्चमध्ये तिला समुद्रकाठी सेंट लिओनर्ड्सला नेले. तिथेही झोप नाही, आराम नाही. जूनच्या अखेरीस ती अचानक तिथून निघाली आणि रात्रीच्या गाडीने स्कॉटलंडला गेली. पुढचे महिने थॉर्नहिलजवळ होम हिल येथे एका डॉक्टर मित्राच्या घरी त्याच्या पत्नीने तिची सेवा केली. कार्लाईल चेनी रोला परतला आणि फ्रेडरिकचा शेवटचा भाग लिहू लागला. घरात तो आणि दोन मोलकरणी.

त्यांतली एक मुलगी गरोदर होती. ते कार्लाईलच्या लक्षात आले नव्हते. जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी कार्लाईल तळमजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत एका पाहुण्या बाईंबरोबर चहा घेत बोलत बसला होता. त्याच खोलीच्या टोकाला चिनी भांडी ठेवण्याची एक चिंचोळी खोली आहे. मधे एक पातळ दार. त्या दारापलीकडे ती मुलगी कळा देत होती. पहाटे दोनच्या सुमारास मूल जन्मले, तेव्हा तो वरच्या दिवाणखान्यात अजून वाचत बसला होता. मदतीला गुपचूप बोलावलेल्या बायकांपैकी एकीने मूल आपल्या घरी नेले. जेनच्या कपाटातले उत्तम टेबलरुमाल बाळंतपणात वापरले गेले. कार्लाईलला चाहूलही लागली नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीस जेन परतली तेव्हा तिला हळूहळू सारे उलगडले, आणि ती हकिकत तिने होम हिलच्या त्याच मैत्रिणीला लिहिली.

बाळ, मी ही हकिकत वाचली की माझे लक्ष त्या मुलीकडेच जाते. तोंडातून आवाज बाहेर पडू नये म्हणून तिने काय केले असेल, हे कोणीही बाळंत झालेली बाई समजू शकेल. जेनच्या पत्रात संताप अधिक आहे, तिचा विश्वासघात झाला आहे असे तिला वाटले, आणि त्या काळात त्या मुलीची नोकरी जाणार हे ठरलेलेच होते. कार्लाईलने काही क्रूर केले असे मी म्हणत नाही. त्याला कळले असते तर त्याने डॉक्टर बोलावला असता, असे मला त्याच्या स्वभावावरून वाटते, कारण गरजू माणसाला तो मदत करी. पण कोंबड्याचे आरवणे दुहेरी भिंतीतून ऐकू येणाऱ्या त्या कानांना पातळ दारामागचे हे ऐकू आले नाही. घरात कोण आहे, ती कशी चालते, तिला धाप का लागते, हे पाहण्याचे काम बायकोचे, आणि बायको स्कॉटलंडमध्ये आहे, म्हणून ते काम कोणीच केले नाही.

पुढे लवकरच आपल्याकडच्या बायकाही घर सोडून दूर जाऊ लागल्या हे विसरू नकोस. अवघ्या दोन दशकांनी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या आणि गोपाळराव मागे राहिले. तो संसार सर्वस्वी निराळा, पतिपत्नीतले नातेही निराळे, त्याविषयी तुला ठाऊक आहेच. मी त्यांची आठवण काढली ती इतक्यासाठी, की मागे राहिलेल्या नवऱ्याचे काय, हा प्रश्न आपल्या भाषेतही तितकाच जुना आहे, आणि आपण त्या जोडप्याविषयी बोलताना गेलेल्या बाईविषयीच बोलतो.

जेन १८६४ मध्ये परत आली तेव्हा कार्लाईलने तिच्यासाठी स्वतःची घोडागाडी घेतली. बस पकडताना ती पडली होती, आणि गाडी घ्यायची असे बरेच दिवस चालले होते. ती आता आली. त्या गाडीतून फिरायला जाणे हे तिच्या शेवटच्या दीड वर्षातले मोठे सुख होते. १८६६ च्या एप्रिलमध्ये कार्लाईल एडिंबरो विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे मानाचा पदाधिकारी, म्हणून भाषण देण्यास गेला. भाषण गाजले, त्याची तार तिला मिळाली, ती आनंदली. तो पुढे डम्फ्रीसला बहिणीकडे थांबला. २१ एप्रिलला दुपारी हाइड पार्कमधून जात असताना गाडीतच जेनचे प्राण गेले. गाडीवाल्याला बराच वेळ कळले नाही. तिने त्याच दिवशी टाकलेले शेवटचे पत्र तो मृत्यूची तार वाचून चुकल्यावर त्याच्या हाती पडले. हॅडिंग्टनला तिच्या वडिलांशेजारी तिला पुरले.

त्यानंतर तो त्या घरात पंधरा वर्षे जगला. त्याने तिच्याविषयी आठवणी लिहून काढल्या, आणि दोन वर्षांनी तिची पत्रे जमवून, तारखा लावून, प्रत्येकावर स्वतःच्या हाताने टिपणे लिहू लागला. ती टिपणे वाचवत नाहीत. एखाद्या पत्रात तिने थट्टेत सांगितलेली गोष्ट, आणि खाली त्याचे टिपण, की तेव्हा ती किती कष्टात होती हे मला समजले नव्हते. रोज पत्र पाठवणारा, नीरोची बातमी देणारा, वाढदिवस न चुकणारा माणूस हे लिहितो. काही टीकाकार त्याला ढोंगी ठरवतात, ते मला मुळीच मान्य नाही. त्याचे प्रेम खरे होते. फक्त ती दूर गेली की त्याची नजर घराकडे वळे, आणि ती परत आली की तो जिना चढून वरच्या खोलीत जाई. जेनने ज्या प्रवासांना विश्रांती म्हटले, त्या प्रवासांतच तिला नवरा भेटला.

म्हणून तुझ्याकडे माझे मागणे आहे, आणि ते आग्रहाने आहे. तिला लिही. फोनवर बोल, पण लिहीही. बाळाच्या खोलीत सकाळचे ऊन कुठवर येते, खालच्या मजल्यावरच्या आजींनी काय विचारले, तू केलेल्या पिठल्याच्या गुठळ्या मोडल्या की नाही, बॉयलरचा तो आवाज थांबला की चालूच आहे, कचऱ्याचे डबे कोणत्या वारी ठेवायचे हे तुला आता कळले का, दवाखान्यात बाळाचे नाव नोंदवण्यासाठी कोणता कागद लागतो, हे सगळे लिही. तिने आजवर यांतले काय काय एकटीने सांभाळले हे तुला लिहिता लिहिताच दिसेल, आणि ते दिसले की तेही लिही, मनात ठेवू नकोस. ती आल्यावर बाळाच्या रडण्यात, तुझ्या कामाच्या धबडग्यात, एकाच घरात असूनही बोलायला वेळ मिळणार नाही असे दिवस येतील. त्या दिवसांत चिठ्ठी लिहून फ्रीजवर लावलीस तरी चालेल, पण ही सवय तिच्या परतण्याबरोबर मोडू देऊ नकोस.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी चेनी रोला जाऊन ये. १८९५ पासून ते घर लोकांना पाहण्यासाठी खुले आहे, १९३६ पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. निघण्यापूर्वी उघडण्याचे दिवस आणि वेळा पाहून घे. सगळे लोक माथ्यावरची लेखनाची खोली पाहायला जिने चढतात. तू आधी तळघरात उतर आणि पंपापाशी, चुलीपाशी उभा राहा, आणि मग जेवणाच्या खोलीच्या टोकाची ती चिंचोळी खोली पाहा. काय पाहिलेस ते सर्वांत आधी तिला लिही, मला नंतर.

आणखी एक काम आहे ते या पंधरवड्यात करून टाक. बाळाच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते असे ती म्हणत होती. गवंडी बोलाव, ओल काढून घे, आणि रंग द्यायचा तर आत्ताच दे, म्हणजे ती येईपर्यंत वास उडून जाईल. रंग कोणता हे तिला विचार, तिने सांगितलेल्या रंगाचा तुकडा भिंतीवर लावून फोटो पाठव. माणसे कामाला येतील त्या दिवशी तू घरी राहा, रजा घ्यावी लागली तरी घे.

डोहाळेजेवणाला तू असणार नाहीस म्हणून विहीणबाईंनी तुझ्यासाठी अनारसे आणि चकल्या करून ठेवायचे म्हटले आहे. तिकडे येणारे कोणी ओळखीचे असेल तर कळव, मी डबा बांधून देईन. बाबांचा गुडघा आता बरा आहे. तिकीट लवकर काढ, आणि तारखेच्या आधी निदान आठ दिवस हाताशी राहतील असे काढ.

कळावे,
तुझी
आई